क्षमा मिळाली, मग आता शिपाईकाकांच्या घरी कधी जाणार?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावचा, वय एकसष्ट. २००९ साली मी आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार होतो. चर्चवरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हणून बांधकाम फंड जमत होता. त्यातले ४८,००० रुपये मी माझ्या बोअरसाठी वापरले. ऊस गेला की भरून टाकू असं मनात होतं, ते झालं नाही. पुढे हिशेबात तफावत निघाली. दानपेटीची किल्ली शिपाईकाकांकडे असायची, त्यांच्यावर संशय गेला आणि त्यांनी काम सोडलं. मागच्या वर्षी एका संजीवन सभेत प्रभूने मला स्पर्श केला. मी रडून पापं कबूल केली. दारू सुटली, रोज पहाटे प्रार्थना असते. पण ही गोष्ट मनातून जात नाही. सभेच्या उपदेशकांना एकट्यात सांगितलं, तर ते म्हणाले, "मीखा ७:१९ वाचा. देवाने तुमची पापं समुद्राच्या तळाशी टाकली, तुम्ही ती वर का काढता? हा सैतानाचा आरोप आहे." बायको म्हणते, हवं तर गुपचूप पैसे भरा, पण गावात तोंड दाखवायला जागा ठेवा. मुलीचं लग्न ठरतंय. मी काय करावं? (नाव छापू नये.)

उत्तर : बंधू, सलाम. पैशांबद्दल तुम्ही सगळं नीट लिहिलंय. साल, रक्कम, कशासाठी घेतले, फेडायचा विचार कसा होता. शिपाईकाकांबद्दल मात्र एकच वाक्य आहे. माझ्या मते तुमच्या मनातून जी गोष्ट जात नाही ती त्या एका वाक्यात आहे.

आधी उपदेशकांच्या सल्ल्याबद्दल. मीखाचं वचन खरं आहे. देवाने तुम्हाला क्षमा केली यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तुम्हीही ठेवा. दारू सुटली, पहाटेची प्रार्थना सुरू झाली, हे काम प्रभूचंच आहे. पण देवाने क्षमा केली म्हणून मंडळीचे ४८,००० रुपये मंडळीला मिळाले का? शिपाईकाकांच्या माथ्यावरचा चोर हा शिक्का पुसला गेला का? देवाने आपलं येणं सोडलं. दुसऱ्याचं येणं तो परस्पर सोडत नाही. प्रत्येक आतल्या टोचणीला सैतानाचा आरोप म्हणणं मला धोक्याचं वाटतं. पवित्र आत्माही दोषाची जाणीव करून देतो, योहान १६:८ मध्ये प्रभूने स्वतःच ते सांगून ठेवलंय. फरक ओळखायला एक साधी खूण आहे. सैतानाचा आरोप माणसाला नुसता गाडतो, "तू असाच" म्हणतो आणि वाट दाखवत नाही. आत्मा नेमकं बोट ठेवतो आणि कोणाच्या दारी जायचं तेही सांगतो. तुम्हाला रक्कम आठवते, माणूस आठवतो, म्हणजे वाट दिसलेली आहे.

लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय तुम्हाला ठाऊक आहे. यरीहोचा मुख्य जकातदार. त्याच्या गोष्टीत घटनांचा क्रम बघा. येशूने त्याला झाडावरून खाली बोलावलं तेव्हा हिशेब मागितला नाही, अट घातली नाही. "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" एवढंच म्हणाला. कृपा आधी आली. आणि ती घरात आली म्हणूनच जक्कय उभा राहून, न विचारता, आकडे बोलायला लागला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. हे शब्द त्याने लोकांसमोर उच्चारले. बाहेर कुरकुर करणाऱ्यांत त्याने नाडलेले लोकही असतील. या घराला आज तारण मिळालं असं प्रभू म्हणाला ते त्यानंतर. जक्कयाने पैसे देऊन तारण विकत घेतलं नाही. पण ज्या घरात तारण आलं त्या घरातून लोकांचे पैसे बाहेर पडले.

आता किती भरायचे. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये नियम आहे : मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे ४८,००० आणि ९,६००, एकूण ५७,६०० रुपये. पण तो पाचवा हिस्सा मी कमीत कमी समजतो. सात टक्के चक्रवाढीने बँकेतली ठेव दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते, आणि तुमच्याकडे हे पैसे त्याहून कितीतरी जास्त काळ राहिले. २००९ साली तेवढ्या पैशात जेवढं सिमेंट आणि सळई आली असती तेवढी आज येईल इतकं तरी द्या. तो फंड कसा जमला होता तेही आठवा. हंगामाच्या सणाला कोणी कोंबडी आणली, कोणी ज्वारीचं पोतं, कोणी परसातला भोपळा. उपासनेनंतर आवारात लिलाव झाला आणि शेतमजुरी करणाऱ्या बायांनी पन्नासाचा भोपळा दोनशेला घेतला, कारण चर्चवर स्लॅब पडायचा होता. पाळक म्हणून माझं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या अशाच गावांत गेलं. तो लिलाव मी पाहिलेला आहे. त्या पैशाला मी कधी सुटे पैसे समजू शकलो नाही.

लेवीयातल्या त्या नियमात आणखी एक गोष्ट आहे. अपराध्याने आधी ज्याचं त्याला परत करायचं आणि मग दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे आणायचा. वेदीकडे जाणारी वाट ज्याचं नुकसान केलं त्याच्या घरावरून जाते. प्रभूनेही मत्तय ५:२३-२४ मध्ये हाच क्रम ठेवला. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा.

वहिनी म्हणतात तसं गुपचूप भरलं तर? पाकिटात घालून दानपेटीत टाकलं, कुणाला कळलं नाही? नगद परत येईल हे खरं, पण एवढ्या वर्षांनी पेटीत निनावी पैसे निघाले की गावात काय बोललं जाईल, सांगा. "बघा, शिपायाच्या पोरांनी शेवटी आणून टाकले." तुमच्या गुपचूप परतफेडीने त्या माणसावरचा आळ पक्का होईल. पैसे घेऊन तुम्ही मंडळीचं नुकसान केलंत. गप्प राहून एका गरीब माणसाचं नाव घेतलंत, आणि मला विचाराल तर ते मोठं आहे. आठव्या आज्ञेच्या लगेच खाली नववी आहे : शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तुम्ही तोंडाने साक्ष दिली नाही, पण पंचकमिटीत शिपाईकाकांचं नाव निघालं तेव्हा तुमच्या गप्प बसण्याला सगळ्यांनी साक्षच मानलं.

म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी जा. काका आहेत की गेले ते तुम्ही लिहिलं नाही. गेले असतील तर गणना ५:८ म्हणतं की भरपाई जवळच्या नातलगाला द्यावी. बायको असेल, मुलं पिंपरीला किंवा मुंबईला कामाला गेली असतील, शोधा. जाताना कोणाला मध्यस्थ नेऊ नका, मिठाईचा पुडा नेऊ नका. बसायला सांगितलं नाही तर उभ्याने सांगा. "पैसे मी घेतले होते, तुमच्या माणसाचा काही संबंध नव्हता, मला ठाऊक असून मी बोललो नाही." यात बोअर, ऊस, दुष्काळ घालू नका. त्यांची मजुरी बुडाली असेल तर तीही तुमच्याकडे लागते, विचारा. आणि त्यांनी क्षमा केलीच पाहिजे अशी अपेक्षा धरून जाऊ नका. त्या माउलीने दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे. "आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा करा" हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये.

नंतर पंचकमिटी, आणि मग मंडळी. मी प्रत्येक पाप व्यासपीठावरून सांगावं अशा मताचा नाही. मनातला हेवा, घरातलं भांडण, हे चव्हाट्यावर आणल्याने भलं होत नाही. पण आळ जेवढ्या लोकांत पसरला, कबुलीही तेवढ्या लोकांत गेली पाहिजे. शिपाईकाकांवरचा संशय अख्ख्या मंडळीत होता, म्हणून त्यांची निर्दोषता अख्ख्या मंडळीने ऐकायला हवी. हे तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. जमत नसेल तर लिहून सही करा आणि पाळकांनी तुमच्यासमोर ते वाचावं.

कायद्याची बाजू लपवत नाही. सार्वजनिक न्यासाचा पैसा खजिनदाराने स्वतःसाठी वापरणं हा फौजदारीपात्र न्यासभंग आहे. कमिटी तक्रार करू शकते. कबुली देण्यापूर्वी एखाद्या वकिलाला जरूर भेटा, पण परिणाम समजून घेण्यासाठी भेटा, कबुली टाळण्यासाठी नको.

मुलीच्या लग्नाचं दडपण मला कळतं. मुलीला तुम्ही स्वतः, आजच सांगा. ती मोठी आहे. सोयऱ्यांना सांगायचं कसं आणि कधी हे तिला विचारून ठरवा, पण लग्न उरकू द्या मग बघू, असं करू नका. लग्नानंतर बाहेर फुटलं तर सासरी ऐकून घ्यायला तीच असेल.

प्रश्न : सर, मी हडपसरला आयटी कंपनीत आहे. ऑफिसातला माझा जवळचा मित्र हिंदू आहे. परवा चहा पिताना म्हणाला, "तुमचं बरं आहे यार. रविवारी कबूल केलं की सोमवारी मोकळे. आमच्याकडे कर्म भोगावंच लागतं." मी इफिस २:८-९ सांगितलं, तारण कृपेने, कर्मांनी नाही. तो हसला आणि म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी." मला पुढे बोलता आलं नाही.

उत्तर : बाळा, तू नवव्या वचनावर थांबलास, म्हणून अडलास. दहावं वाच. आपण ख्रिस्त येशूमध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत, असं ते पत्र लिहिणारा पौल त्याच दमात म्हणतो. आपल्या उपदेशांतसुद्धा आठ आणि नऊ पाठ म्हटले जातात आणि दहा राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. "पापात राहावं म्हणजे कृपा वाढेल" असं कोणी म्हणेल हे पौलाला तेव्हाच दिसत होतं. रोम ६ची सुरुवात त्याने त्याच प्रश्नाने केली आणि "कधीच नाही" म्हणून उत्तर दिलं. मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र पटत नसे, १५२२ साली त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण त्याच वर्षी रोमकरांच्या पत्राला प्रस्तावना लिहिताना विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, चांगलं केल्यावाचून तिला राहवत नाही, असंही त्यानेच लिहिलं. विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे, हे याकोबाचं म्हणणं त्यापासून फार दूर नाही.

मित्राला दावीद राजाची गोष्ट सांग. बथशेबेला घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, "तो मनुष्य तूच आहेस." दावीदाने कबूल केलं आणि त्याच क्षणी क्षमेचा शब्द मिळाला. पण त्याच अध्यायात, २ शमुवेल १२ मध्ये, तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हेही आहे. पुढची कितीतरी पानं त्या घरच्या रक्तपाताने भरली आहेत. क्षमा झालेल्या माणसालाही पेरलेलं उगवताना बघावं लागतं, आणि गलती ६:७ हेच बजावतं. तेव्हा मित्राच्या कर्माच्या विचाराला कमी लेखून वाद घालू नकोस. केल्याचा जाब द्यावा लागतो, या गंभीरपणात तो तुझ्या जवळ आहे. आपण एवढंच म्हणतो की शेवटचं देणं आपल्याच्याने फिटणारं नव्हतं, ते दुसऱ्याने वधस्तंभावर फेडलं.

आणि त्याने तसं का म्हटलं असेल, याचाही विचार कर. ऑफिसात तो तुला रोज बघतो. मार्चमध्ये घरभाड्याच्या खोट्या पावत्या लावून कर वाचवणाऱ्यांत तू असतोस का? न केलेले तास टाइमशीटमध्ये भरतोस का? तू भरतोस असं मी म्हणत नाही. पण भरत असशील तर इफिसच्या वचनाने त्याचं समाधान होणार नाही. आधी पावत्या थांबव, त्याला दिसेल.

प्रश्न : आदरणीय पाळक, मी वसईची, कॅथलिक आहे. तुमचं सदर शेजारच्या काकू देतात. वडील मृत्युपत्र न करता वारले, त्याआधी आई गेली होती. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची म्हणून भावांनी मला रजिस्टर ऑफिसात नेलं आणि सही घेतली. गेल्या वर्षी जमिनीला बिल्डर आला तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. थोरला भाऊ चर्चच्या कमिटीत आहे, दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतो. मी कोर्टाचं नाव काढलं तर म्हणतो, "पौलाने सांगितलंय, ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला कोर्टात खेचू नये. क्षमा कर, आशीर्वाद मिळेल." नवरा म्हणतो सोडून दे. मला झोप लागत नाही.

उत्तर : ताई, भावाने तुम्हाला १ करिंथ ६चं पहिलं वचन ऐकवलं. त्याला म्हणावं, आठव्या वचनापर्यंत वाच. सातव्यात पौल विचारतो, तुम्ही अन्याय का सोसत नाही? आणि लगेच आठव्यात, तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. तो अध्याय लुबाडणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. तो लुबाडलेलीला ऐकवून तिचं तोंड बंद करायचं, हे मी किती घरांत पाहिलं, आणि दर वेळी ते ऐकणारी बाईच असते. पौल पाचव्या वचनात असंही विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का. म्हणजे निवाडा व्हायलाच हवा, कोर्टात नको तर मंडळीत हवा. भावाला कोर्ट नको असेल तर त्याने स्वतः फादरांपुढे बसायला तयार व्हावं.

वर मी मत्तय ५चं वचन दिलं, ते इथेही बघा. अर्पण वेदीपाशी ठेवून कोणी उठायचं? ज्याच्याविरुद्ध भावाच्या किंवा बहिणीच्या मनात काही आहे त्याने. उठायचं आहे ते तुमच्या भावाने. तुमच्या चर्चची शिकवणही याहून वेगळी नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट आहे की पापनिवेदन केलं, पापमुक्ती मिळाली, तरी शेजाऱ्याचं केलेलं नुकसान जमेल तेवढं भरून द्यायचं. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर नाव परत मिळवून द्यायचं. म्हणून फादरांना भेटा आणि जे घडलं ते कागदासकट सांगा. भावाचं पापनिवेदन ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, तसं विचारूही नका. पण मध्यस्थ म्हणून भावाला बोलावू शकतात. मत्तय १८ची वाट अशीच आहे : आधी एकट्याला गाठून, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढे.

क्षमा आणि हक्क सोडणं या दोन गोष्टी आहेत. भावाचं वाईट न चिंतणं, त्याच्यासाठी प्रार्थना करणं, उद्या तो आजारी पडला तर पेज घेऊन जाणं, ही क्षमा, आणि ती तुम्ही जमीन मागतानाही करू शकता. हक्क सोडणं हे दान आहे. दान देणाऱ्याने स्वखुशीने आणि माहीत असून द्यायचं असतं. सही फसवून घेतली असेल तर ते दान झालंच नाही. तुम्ही उद्या डोळे उघडे ठेवून, विचार करून सोडून दिलंत तर मी तुम्हाला मान देईन. पण ज्याला फायदा होतो त्याने "सोड, आशीर्वाद मिळेल" म्हणायचा अधिकार नाही.

आता कायद्याचं, कारण वेळ जातोय. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली, म्हणजे तिघांना सारखा एक तृतीयांश. फसवून केलेला दस्त रद्द करून घेण्याचा दावा साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. तुम्हाला गेल्या वर्षी कळलं. तेव्हा फादरांच्या बैठका एकामागून एक पुढे ढकलल्या जात असतील तर त्यात मुदत घालवू नका. दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा आणि या महिन्यातच स्वतःच्या वकिलाला दाखवा. भाऊ सुचवेल तो वकील नको. बोलणी आणि मुदत सांभाळणं दोन्ही एकाच वेळी करता येतं. नवऱ्याला भांडणाची भीती वाटते, ते साहजिक आहे. त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आम्ही पाच सभासद लिहितोय. मिशनच्या काळापासून आमच्या चर्चला मोठं आवार आहे. रस्त्याकडची बाजू कमिटीने दुकानांसाठी २९ वर्षांच्या कराराने दिल्याचं आम्हाला बाहेरून कळलं. वार्षिक सभेत हिशेब मागितला तर पुढच्या रविवारी व्यासपीठावरून उपदेश झाला, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." तरुण मुलं व्हॉट्सॲपवर सगळं टाकायला निघालीत. हिशेब मागणं पाप आहे का?

उत्तर : नाही, पाप नाही.

ते वचन स्तोत्र १०५:१५ आहे. अभिषिक्त म्हणजे देवाने निवडून नेमलेले. त्याच्या वरची तीन वचनं वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब मूठभर होते, परदेशी होते, या राज्यातून त्या राज्यात भटकत होते. त्यांच्यासाठी देवाने राजांना धमकावलं, त्यांना हात लावू नका. बलवानाला दुबळ्यापासून दूर ठेवणारं वचन आहे ते. आवाराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत त्यांनी हिशेब मागणाऱ्या सभासदांवर ते उगारणं बरोबर नाही.

दावीदाचा दाखलाही अशा वेळी हटकून दिला जातो, जिवावर उठलेला शौल राजा अभिषिक्त होता म्हणून दावीदाने त्याला हात लावला नाही. खरं आहे. १ शमुवेल २४, एन-गेदीची गुहा. दावीदाने त्याला मारलं नाही. पण गुहेबाहेर येऊन त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, तू माझ्यावर अन्याय करतोस, परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो, असं मोठ्याने सांगितलं. हात लावला नाही आणि गप्पही बसला नाही.

आणि हिशेब द्यावा कसा, ते त्याच पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. शमुवेल म्हातारा झाला, कारभार सोडताना सगळ्या इस्राएलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, हा मी आहे, माझ्याविरुद्ध साक्ष द्या. कोणाचा बैल मी घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला लुबाडलं, कोणाकडून लाच घेतली? सांगा, मी परत करतो. कोणी मागितला नव्हता, त्याने स्वतः दिला. पौलही तसाच. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि २ करिंथ ८:२०-२१ मध्ये कारण दिलं : या रकमेबद्दल कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, प्रभूसमोर जे बरं तेवढंच नव्हे तर माणसांसमोरही. "मी फक्त देवाला जबाबदार आहे" असं म्हणणारा कारभारी मला पौलाच्या पत्रांत कुठे भेटला नाही.

तुमचं चर्च न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० त्याला लागू आहे. हिशेब दर वर्षी तपासून घेऊन दाखल करायचे असतात. स्थावर मालमत्ता विकायला, तसंच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. २९ वर्षांचा करार म्हणजे परवानगीचा आदेश असलाच पाहिजे. तो आहे का, एवढं विचारा. कदाचित असेलही, आणि भाडं नियमाने जमा होत असेल. तसं असेल तर कमिटीचे भर सभेत आभार माना.

मुलांना व्हॉट्सॲपवर टाकू देऊ नका. १ तीमथ्य ५:१९ मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको म्हणतं. ते वडिलांना निंदेपासून वाचवण्यासाठी आहे, आणि पुढच्याच वचनात पाप करणाऱ्याला सगळ्यांदेखत दोष लाव म्हटलंय. दोन्ही पाळा. कागद हातात नसताना पैसे खाल्ले असं लिहिणं ही शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष ठरू शकते. निनावी पत्रकही नको.

कमिटीच्या सचिवांना साधा अर्ज द्या. गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि कराराची व परवानगीच्या आदेशाची प्रत मागा. तीस दिवसांची मुदत लिहा, पोच घ्या, एक प्रत पाळकांना आणि एक वरच्या प्रांतीय कार्यालयाला द्या. उत्तर आलं नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा. अर्जात कोणाबद्दल एकही विशेषण वापरू नका, आणि खाली पाचही जणांची पूर्ण नावं आणि सह्या असू द्या.